मागे फिरणे परवडले पाहिजे

यवतमाळ जिल्ह्यातल्या ज्या तालुक्याच्या गावी मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो, तिथे बर्फ म्हणजे रसवंतीपुढे पोत्यात गुंडाळून ठेवलेली लादी, एवढीच बहुतेकांची ओळख असते. विदर्भातला सर्वांत उंच भाग म्हणजे चिखलदऱ्याजवळचा वैराट. त्याची उंची बाराशे मीटरच्याही आत आहे, आणि तिथेही कडाक्याच्या थंडीत फार तर गवतावरचे दहिवर गोठते. तरीही गेल्या दहा-बारा वर्षांत आमच्याकडून डिसेंबर-जानेवारीत हिमालयात जाणाऱ्या मुलामुलींची संख्या चांगलीच वाढली आहे. नागपूरहून रेल्वेने दिल्ली, तिथून डेहराडून, पुढे दिवसभराचा घाटरस्ता करून सांकरी आणि मग साडेबारा हजार फुटांचे केदारकांठा, ही वाट आता आमच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ आहे. कोणी पोलीस भरतीची तयारी करता करता जातो, कोणी पहिल्या पगारातून जातो, आणि पुष्कळांच्या बाबतीत कापसाच्या पहिल्या वेच्याचे पैसे त्यात गेलेले असतात. या मुलांनी जावे असेच मला मनापासून वाटते. त्यांनी सुखरूप परत यावे यासाठी काय लागते, याचा विचार मात्र त्यांना नेणारे, पाठवणारे आणि परवानगी देणारे यांपैकी कोणीच पुरेसा करत नाही, अशी माझी तक्रार आहे. हिमस्खलनाचा इशारा देणारी यंत्रणा आपल्या देशात आहे. पण ज्याला मागे फिरणे सर्वांत महाग पडते, त्याच्यापर्यंत तो इशारा पोचत नाही, आणि पोचला तरी त्याला तो पाळणे परवडत नाही.

सहा वर्षांपूर्वीच्या जानेवारीत मी स्वतः अकरा विद्यार्थ्यांना घेऊन उत्तराखंडात गेलो होतो. दोन दिवस आणि दोन रात्री बर्फ पडला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आभाळ निळेशार उघडले. स्थानिक वाटाड्या स्वयंपाकाच्या तंबूपाशी उभा राहून बराच वेळ समोरच्या उताराकडे पाहत होता. आजचा दिवस थांबावे, असे तो म्हणाला. आयोजकाचा माणूस म्हणाला की उद्या संध्याकाळी पुढची तुकडी या तंबूंत येणार आहे, त्यामुळे थांबता येणार नाही, आणि इथून परतलात तर पैसे मिळणार नाहीत. मी मुलांकडे पाहिले. प्रत्येकाने घरी कितीदा विनवून हे पैसे उभे केले होते ते मला माहीत होते. आम्ही निघालो.

झाडी संपल्यावर एक मोकळा, पांढरा उतार आडवा ओलांडायचा होता. आम्ही सगळे एकामागोमाग, हातभर अंतराने चाललो होतो. मध्यावर आलो तेव्हा पायांखालून आवाज आला, शेजारच्या खोलीत कोणी कापसाची गाठ जमिनीवर टाकावी तसा, जड आणि दबलेला. पाय बोटभर खाली गेले आणि माझ्या बुटापासून सुतासारखी एक बारीक भेग वरच्या अंगाला पळत गेली. मुले घाबरून माझ्याकडे पाहू लागली. मी त्यांना सांगितले, “काही नाही, बर्फ बसला.” आम्ही पलीकडे पोचलो, छायाचित्रे काढली आणि चौथ्या दिवशी घरी आलो.

त्या आवाजाचा अर्थ मला दोन वर्षांनी कळला, तोही आमच्याच गावात. माझा एक माजी विद्यार्थी सैन्यात आहे आणि त्याचे दोन हिवाळे उत्तरेच्या सीमेवर बर्फात गेले आहेत. पोळ्याच्या सुट्टीत तो घरी आला असताना मी त्याला सहज तो प्रसंग सांगितला. त्याने हातातला चहा खाली ठेवला, आईकडून परात, साखर आणि ज्वारीचे पीठ मागून घेतले आणि ओसरीवर बसून मला एक प्रयोग दाखवला. परातीत आधी पिठाचा थर देऊन तो तळव्याने दाबला, त्यावर साखरेचा पातळ थर पसरला, आणि वर पुन्हा बोटभर जाडीचे पीठ घालून तेही थापून घट्ट केले. वरून पाहताना सगळे एकसंध, गुळगुळीत, पांढरे दिसत होते. मग तो परात एका बाजूने हळूहळू उचलू लागला. बरीच तिरपी झाली तरी काहीच हलले नाही. तेवढ्यात त्याने वरच्या पिठावर एका बोटाने टिचकी मारली. आडवी भेग पडली आणि वरचा सगळा थर, अख्ख्या भाकरीसारखा, एकदम घसरून ओसरीवर आला. “सर, तो आवाज म्हंजे पहाडानं देल्लेली सूचना व्हय,” तो म्हणाला. “त्याच्यानंतर पुढं जाचं नसते.”

हिमस्खलन म्हणजे वरून कुठून तरी कोसळणारे संकट, अशी आपली समजूत असते, आणि ती या विषयातली सर्वांत घातक समजूत आहे. हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फाचा थर पातळ असतो. त्याखालची जमीन शून्य अंशाच्या आसपास असते आणि वरची हवा निरभ्र रात्री त्याहून कितीतरी थंड होते. या फरकामुळे बर्फातली वाफ खालून वर सरकत राहते आणि तळाचे कण मोठे, कोरडे, साखरेसारखे सुटे होतात, एकमेकांना धरत नाहीत. पुढे पश्चिमी झंझावात येतो, तोच झंझावात ज्याच्या बातमीने माघ-फाल्गुनात आपल्याकडे हरभऱ्याच्या आणि संत्र्याच्या काळजीने झोप उडते, आणि तो या कच्च्या थरावर नवा बर्फ टाकतो. वारा तो बर्फ उचलून कड्याच्या आडोशाच्या बाजूला नेऊन चोपतो. अशी घट्ट लादी सुट्या साखरेवर टेकून राहते आणि तिला कोणी तरी टिचकी मारेपर्यंत तशीच पडून असते. ती टिचकी बहुतेक वेळा माणूसच मारतो. ज्या हिमस्खलनांत हिमप्रवासी सापडतात, त्यांतली दहापैकी नऊ त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्यांनी सोडवलेली असतात, हे युरोप-अमेरिकेतल्या अपघातांच्या नोंदींवरून वारंवार दिसून आले आहे.

या वाईट बातमीच्या पोटातच एक चांगली बातमी आहे. जे आपल्या पायाने सुटते, ते पाय न ठेवल्याने टळते. अशा लाद्या प्रामुख्याने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. त्याहून सौम्य उतारावर त्या क्वचितच घसरतात, आणि फार खड्या कड्यावर बर्फ साठायच्या आतच थोडा थोडा गळून जातो. आमच्याकडच्या जुन्या कवेलूच्या घरांचे छप्पर पुष्कळदा ३० अंशांच्या जवळपास उताराचे असते. म्हणजे डोक्यावरच्या छपराहून खडा आणि वर नवा बर्फ असलेला मोकळा उतार दिसला, की तिथे प्रश्न विचारायचा, एवढी खूण कोणत्याही खेड्यातल्या मुलाच्या लक्षात राहील. मोबाइलवर कोन मोजता येतो. आपण स्वतः सपाटीवर चालत असलो तरी डोक्यावर तसा उतार असेल तर तो खालपर्यंत येऊ शकतो, हेही ध्यानात ठेवावे लागते. एका दिवसात फूटभर किंवा अधिक बर्फ पडलेला असणे, वाऱ्याने बर्फ वाहून आणलेला दिसणे, अचानक ऊन तापणे, शेजारच्या उतारावर नुकतेच स्खलन झालेले दिसणे, आणि तो दबका आवाज व ती पळती भेग: या खुणा ओळखायला पदवी लागत नाही. मृग कोरडा जाणार की बरसणार हे मुंग्यांवरून आणि वाऱ्यावरून ताडणाऱ्या घरांतली ही मुले आहेत. त्यांना कोणी सांगितले असते तर त्या दिवशी माझ्याआधी त्यांनीच पाय मागे घेतला असता.

गाडले गेल्यावर काय होते, तेही स्पष्ट लिहिले पाहिजे. स्वित्झर्लंडमधल्या अपघातांच्या नोंदींवरून असे दिसले आहे की पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या पंधरा मिनिटांच्या आत बाहेर काढले तर तो जगण्याची शक्यता फार मोठी, नव्वद टक्क्यांच्या आसपास असते; पस्तिसाव्या मिनिटापर्यंत ती तिसऱ्या हिश्श्यावर येते. एवढ्या वेळात हेलिकॉप्टर येत नाही, जवानांची तुकडी येत नाही. वाचवू शकतात ते फक्त सोबत चालणारे, आणि तेही त्यांच्याकडे तीन वस्तू असतील तरच. पहिली वस्तू म्हणजे प्रत्येकाच्या अंगावर चालू असलेला बीकन, जो ४५७ किलोहर्ट्झवर संकेत सोडतो आणि गरज पडल्यावर दुसऱ्याचा संकेत शोधतो. दुसरी प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून माणूस नेमका कुठे आहे ते चाचपण्याची घडीची लांब काठी. तिसरे धातूचे फावडे, कारण थांबलेले स्खलन इतके घट्ट होते की ते हाताने उकरता येत नाही. आम्हाला त्या वेळी आयोजकाने काठी, पायांना बांधायचे कापड आणि बुटांना लावायचे खिळे दिले होते. त्यांतली एकही वस्तू गाडलेल्या माणसाला शोधून देत नाही.

फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचिनवर लान्स नायक हणमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी बर्फाखालून जिवंत सापडले, तेव्हा सारा देश हात जोडून बसला होता. आमच्या गावातही मारुतीच्या पारावर त्यांच्यासाठी नारळ फोडला गेला. ११ फेब्रुवारीला ते गेले, आणि त्यांच्या चौकीवरचे इतर नऊ जण बर्फाखालून जिवंत निघाले नव्हते. त्या बातमीतून मात्र आपण मनाशी असे धरून बसलो की बर्फाखाली माणूस दिवसच्या दिवस तग धरू शकतो. त्यांची ती असामान्य झुंज होती. नियम त्या पंधरा मिनिटांचा आहे.

मग इशारा कोण देते? चंदीगड येथील डिफेन्स जिओइन्फर्मॅटिक्स रिसर्च एस्टॅब्लिशमेंट ही संरक्षण संशोधन व विकास संघटनेची संस्था हिमालयातल्या जिल्ह्यांसाठी हिमस्खलनाचे इशारे प्रसृत करते. पूर्वी मनालीत असलेली आणि ‘सासे’ या नावाने ओळखली जाणारी संस्था तिच्यातच विलीन झाली आहे. काम गंभीरपणे होते आणि इशारे येतात, प्रश्न त्याच्या पुढचा आहे. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी चमोली जिल्ह्यात माणा गावाजवळ सीमा रस्ते संघटनेच्या कामावरचे ५४ मजूर त्यांच्या छावणीवर आलेल्या बर्फाखाली सापडले. ४६ वाचले, आठ दगावले. त्या भागासाठी आदल्याच दिवशी इशारा दिला गेला होता. त्या मजुरांपैकी एखाद्याला तो इशारा समजला असता तरी रात्री छावणीतून उठून, रोजी सोडून, तो कुठे जाणार होता? ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये नथुला रस्त्यावर हिमस्खलनात सात पर्यटक दगावले. तिथे परवाना तेराव्या मैलापर्यंतचा होता आणि पर्यटक पंधराव्या मैलापर्यंत गेले होते. लांबून आलेल्या पाहुण्याला तेराव्या मैलावरून परतणे जिवावर येते आणि त्याला नेणाऱ्याला गिऱ्हाईक नाराज करणे परवडत नाही. दोघांचाही हिशेब एकाच दिशेने ओढतो.

असा हिशेब आम्ही यवतमाळकरांनी फार जवळून पाहिला आहे. २०१७ च्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो लोक रुग्णालयात दाखल झाले. तेव्हाही इशारा होताच. बाटलीवर रंगीत त्रिकोण होता, आत घडी घातलेल्या पत्रकावर बारीक अक्षरांत सूचना होत्या, आणि पुष्कळ जण म्हणाले की शेतकऱ्यांनीच काळजी घेतली नाही. पण ज्याचा रोज फवारणीच्या पंपांवर मोजला जातो, तो मजूर वारा फिरला म्हणून पंप खाली ठेवत नाही. इशारा छापून झाला की आपली जबाबदारी संपली, असे मानणाऱ्यांनी तो पाळण्याची किंमत कोणाच्या खिशातून जाते ते एकदा तरी पाहावे.

बर्फाच्या इशाऱ्यालाही असेच रंग आणि आकडे आहेत. धोक्याच्या पाच पातळ्या असतात आणि तिसरीला ‘लक्षणीय’ म्हणतात. आमच्याकडे पाचपैकी तीन म्हणजे साठ टक्के, प्रथम श्रेणी, ‘बरे चालले आहे’. वास्तविक हे आकडे सारख्या अंतराने चढत नाहीत. प्रत्येक पायरीला धोका कैक पटींनी वाढतो, आणि युरोपातल्या मृत्यूंचा सर्वांत मोठा वाटा याच तिसऱ्या पातळीच्या दिवसांवर पडतो, कारण चौथ्या-पाचव्याला लोक घरी थांबतात. हे मराठीत समजावून सांगितल्याशिवाय नुसता आकडा मुलांच्या मोबाइलवर आला तर तो दिलासाच देईल. चिमुकले स्वित्झर्लंड आपले हिमस्खलनपत्रक जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि इंग्रजी अशा चार भाषांत काढते. महाराष्ट्रातून दर हिवाळ्यात इतके लोक हिमालयात जातात, तर मराठीत चार ओळींचा रोजचा सारांश का असू नये? आपल्या राज्याच्या पर्यटन विभागाला हे काम जड नाही.

भाषेने अर्धेच काम होईल. उरलेले अर्धे पैशाच्या नियमाने होईल, आणि माझा खरा आग्रह तिथे आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण आणून आयोजकांची नोंदणी सुरू केली. त्याच धाग्याने पुढे जाऊन असे बंधन घालावे की जो कोणी या राज्यात शुल्क घेऊन लोकांना हिवाळी हिमप्रदेशात नेतो, त्याने धोक्यामुळे थांबलेल्या किंवा परतलेल्या प्रवाशाचे पैसे बुडवू नयेत. त्याला दुसरी तारीख द्यावी किंवा त्याच दिवशी दुसऱ्या, सौम्य वाटेने न्यावे. वाटाड्याचा रोज शिखरावर अवलंबून नसावा. आमच्या त्या वाटाड्याला पुढे गेला तरच पूर्ण मजुरी मिळणार होती, हे मला नंतर कळले. ‘आज नको’ म्हणताना तो आपल्या पोटावर पाय देऊन बोलत होता आणि आम्ही त्याचे ऐकले नाही.

कॅनडात १ फेब्रुवारी २००३ रोजी रॉजर्स खिंडीजवळ एका शाळेच्या सहलीतली सात मुले हिमस्खलनात गेली. मुले पंधरा-सोळा वर्षांची होती आणि त्या दिवशी वरच्या भागात धोका ‘लक्षणीय’ पातळीचा होता. त्यानंतर तिथल्या राष्ट्रीय उद्यानांनी वाटांचीच प्रतवारी लावली: साधी, आव्हानात्मक आणि गुंतागुंतीची. दुसऱ्यांची मुले सांभाळणाऱ्यांना हिवाळ्यात कुठवर नेता येईल, त्यावर कडक बंधने आली. रोज बदलणाऱ्या बर्फापेक्षा न बदलणारी जमीन आधी पाहा, हा त्यामागचा विचार आहे आणि तो आपल्यासारख्या नवख्यांना फार उपयोगी आहे. सांकरीच्या किंवा जोशीमठच्या बाजूच्या प्रत्येक प्रचलित वाटेचा असा नकाशा एकदा केला की वर्षानुवर्षे पुरेल, आणि शिक्षकाला परवानगी मागताना तो अर्जाला जोडता येईल. आज आमच्या सहलीच्या फायलीत बसचा विमा असतो आणि पालकांचे संमतीपत्र असते. ‘सर्व जबाबदारी माझी राहील’ अशा अर्थाच्या इंग्रजी ओळीखाली एका माउलीने माझ्यासमोर अंगठा उठवला होता. ती ओळ मी तिला वाचून दाखवली नव्हती.

यावर एक आक्षेप असा येतो की नियमांचा जाच वाढला की डोंगरातल्या गरीब गावांचा हिवाळ्यातला रोजगार बुडेल. त्या गावांची काळजी मलाही आहे, पण एका मोठ्या अपघातानंतर सरसकट बंदी येते तेव्हा सर्वांत आधी त्यांचीच चूल विझते. दुसरा आक्षेप साधनांच्या किमतीचा आहे आणि तो खरा आहे. बीकन विकत घेणे आमच्या मुलांच्या आवाक्याबाहेर आहे, आयोजकाने ते भाड्याने ठेवले पाहिजेत, आणि जिथे ते नाहीत तिथे तीस अंशांच्या वरच्या उताराखाली किंवा उतारावर जायचेच नाही, हा बिनपैशाचा उपाय पाळला पाहिजे. साधने असली म्हणूनही निर्धास्त होता येत नाही. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तरकाशी जिल्ह्यात द्रौपदी का दांडा या शिखरावर गिर्यारोहणाचे रीतसर शिक्षण घेणाऱ्या तुकडीतले २७ जण मृत्युमुखी पडले आणि दोघे बेपत्ता झाले. ती माणसे आमच्या अकरा मुलांपेक्षा कितीतरी तयार होती.

या हिवाळ्यात आमच्या महाविद्यालयातून चौदा मुलेमुली जाऊ इच्छितात. मी पाच आयोजकांना मराठीत पत्र लिहून चार प्रश्न विचारले: वाट किती उताराची आहे, बीकन-प्रोब-फावडे आहे का, थांबायचे की जायचे हे कोण ठरवणार, आणि परतलो तर पैशाचे काय. तिघांनी उत्तर दिले नाही. एकाने केदारकांठाच्या छायाचित्रांचा गठ्ठा पाठवला. पाचव्याने मात्र सगळे लिहून दिले, वाटाड्याचा शब्द अखेरचा राहील हेही लिहिले, आणि माणशी अठराशे रुपये जास्त सांगितले. पालकांच्या बैठकीत मी हा आकडा वाचला तेव्हा थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग मागच्या बाकावरून एका मुलीचे वडील म्हणाले, “पंचवीस किलो कापूस गेला समजू, सर.” सैन्यातला तो विद्यार्थी नोव्हेंबरात सुट्टीवर येतो आहे. दोन बीकन भाड्याने मागवले आहेत. एक पोत्यात बांधून नदीच्या वाळूत पुरायचा आणि दुसऱ्याने घड्याळ लावून शोधायचा, असा सराव पहिल्या रविवारी ठेवला आहे, आणि फावडी घरूनच आणायला सांगितली आहेत.